कोकम सिरप बाटलीत कधी भरायचं?



मे महिना म्हणजे कोकमाची घाई. रातांबे उतरवायचे, फोडायचे, पावसाच्या आत सगळं उरकायचं. साल आणि साखरेचे थर बरणीत लावले, आठवडा झाला, की आपण म्हणतो, "झालं सिरप, चला भरूया." पण बरणी कॅलेंडर बघून तयार होत नाही. सिरप तयार झालं की नाही, ते तपासूनच ठरवायचं.

याचं कारण समजून घ्या. फळाच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारं यीस्ट असतं. सिरप पातळ राहिलं तर यीस्ट त्यातली साखर खातं आणि वायू व मद्य तयार करतं. यालाच आपण सिरप आंबलं, फसफसलं म्हणतो. उघड्या बरणीतला वायू निघून जातो. बूच घट्ट लावलेल्या काचेच्या बाटलीत तो कोंडतो, आणि बाटली फुटू शकते.

आता आपल्या मालाचा प्रवास बघा. रत्नागिरीहून खोका रेल्वेने कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरतो. तिथून तो कुर्ल्यातल्या एखाद्या ताईच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. तिथला उकाडा यीस्टला मानवतो. शिवाय विक्री लगेच होईलच असं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये महालक्ष्मी सरस वांद्रे-कुर्ला संकुलात भरलं होतं. म्हणजे मे महिन्यातली बाटली फेब्रुवारीत गिऱ्हाइकाच्या हातात जाणार. नऊ महिने टिकेल असंच सिरप भरायला हवं.

भरण्याआधी चार तपासण्या

1. साखर. एक किलो सालीला दोन किलो साखर हे प्रमाण बहुतेक गटांत आहे. पण बरणीच्या तळाशी साखर बसलेली असते आणि वरचा रस पातळ असतो. आंबणं वरूनच सुरू होतं. म्हणून रोज कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून ढवळा. साखर पूर्ण विरघळली की गाळा, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून बघा. रीडिंग 65 ब्रिक्स किंवा जास्त हवं. कमी आलं, पण बुडबुडे किंवा वास नसेल, तर साखर वाढवा. उदाहरणार्थ, 10 किलो सिरपचं रीडिंग 60 आलं तर साधारण दीड किलो साखर लागेल. ती विरघळवून पुन्हा मोजा. रिफ्रॅक्टोमीटर एकटीला महाग पडतो, पण ग्रामसंघात एक घेतला तर सगळ्या गटांना पुरतो.

2. नाक आणि डोळे. वर फेस, कडेला बारीक बुडबुडे, ताडीसारखा वास, यातलं एक जरी दिसलं तरी भरायचं नाही.

3. प्लास्टिक बाटलीची परीक्षा. मऊ प्लास्टिकची स्वच्छ, कोरडी बाटली पाऊण भरा. बाजूने थोडी चेपा आणि चेपलेली असतानाच झाकण घट्ट लावा. घरात सावलीत एकाच जागी सात दिवस ठेवा. चेपलेला भाग तसाच राहिला तर ठीक. तो बाहेर आला, बाटली टणक झाली, तर आत वायू होतोय. ही परीक्षा काचेच्या बाटलीत कधीही करू नका.

4. बाटली. गरम पाण्याने धुतलेली बाटली उलटी ठेवून पूर्ण वाळवा. आत राहिलेलं चमचाभर पाणीही वरचा थर पातळ करतं. सिरप गरम असताना बूच लावलं तर वाफेचं पाणी होऊन तेच घडतं. वर दोन बोटं जागा सोडा.

परिरक्षक वापरत असाल तर कोकमाला सोडियम बेंझोएट चालतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने कोकमाचा लाल रंग उडतो. बेंझोएट चिमटीने घालू नका, ग्रॅमच्या काट्यावर मोजा. आणि पातळ सिरप त्याने सुधारेल असं समजू नका.

आंबलंच तर? उकळून, साखर घालून विकायचं नाही. सरबत लहान मुलं पितात, उपासाला बायका पितात. ते ओतून द्या. एखादी भरलेली काचेची बाटली फसफसलेली वाटली तर ती हलवू नका. मुलांना लांब ठेवा. जाड टॉवेल गुंडाळून, तोंड बाजूला करून बूच हळूहळू सैल करा.

एक बरणी ओतून देताना जीव तुटतो, साखरेचे पैसे गटाच्या कर्जातले असतात. पण स्टॉलवर एक बाटली फुटली, कुणाला काच लागली, तर नुकसान एका बरणीवर थांबत नाही. पुढच्या वर्षी त्या गटाचा माल कोण घेईल?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने वहीत हे चार रकाने आखून आणा: बरणी लावल्याची तारीख, ब्रिक्स, प्लास्टिक बाटलीचा निकाल, भरल्याची तारीख. तिसरा रकाना रिकामा असेल तर चौथा भरायचा नाही.