गेमचा पोर्टफोलिओ: फुकट काय, पैसे कशाला आणि किती?

गेम डेव्हलपर म्हणून पहिली नोकरी किंवा इंटर्नशिप शोधताय? मग आधी कार्ड बाजूला ठेवा. सुरुवातीच्या पोर्टफोलिओला एक रुपयाही लागत नाही. लागतात दोन-तीन छोटे पण पूर्ण झालेले गेम आणि एक मोकळा शनिवार-रविवार.

कुठे ठेवाल? गेम इच.आयओवर, कोड गिटहबवर. दोन्ही खाती फुकट, ईमेलवर उघडतात. इचवर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीच चढवा: झिप फाइल, आत index नावाचे एचटीएमएल पान. अनोळखी ईएक्सई फाइल उतरवून घ्यायला कुणी धजावत नाही. गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. युनिटी इंजिनचे ‘लायब्ररी’ फोल्डर तर चढवूच नका.

प्रत्येक गेमसोबत काय? मिनिटभराचा व्हिडिओ (ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर मोफत आहे), वापरलेले इंजिन, लागलेले दिवस आणि मुख्य म्हणजे त्यातले तुम्ही स्वतः काय केले. टीममध्ये केला असेल तर हे लिहायलाच हवे.

पैसे कधी लागतात? गेम दुकानात ठेवायचा असेल तेव्हा. गुगल प्लेचे खाते २५ डॉलर, एकदाच. ॲपलचे ९९ डॉलर, दरवर्षी. स्टीमचे १०० डॉलर, प्रत्येक गेममागे. गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. नोकरीच्या अर्जाला यातले काहीच लागत नाही.

वेळही धरा. गुगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. स्टीमवर फी भरल्यापासून ३० दिवस गेम प्रसिद्ध करता येत नाही. विक्रीचे पैसे घ्यायचे असतील तर पॅन, बँक खाते आणि अमेरिकी कराची माहिती तयार ठेवा.

छुपे खर्च: डॉलरच्या व्यवहारावर बँक फॉरेक्स मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. स्वतःचे डोमेन घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहू नका, नूतनीकरणाचा दर पाहा. वेबसाइट बनवून देणारी महागडी पॅकेजेस टाळा. गिटहब पेजेसवर साधे पान फुकट उभे राहते.

इंजिन: गोडो पूर्ण मोफत, रॉयल्टी नाही. युनिटीची पर्सनल आवृत्तीही शिकणाऱ्याला फुकट.

शॉर्टकट नकोत: ट्युटोरियलमधला गेम जसाच्या तसा ठेवू नका, तो मुलाखत घेणाऱ्याने आधी पाहिलेला असतो. चित्रे-आवाज उचलताना परवाना वाचा. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना. सीसी-झिरो असेल तर काळजी नाही. सीसी-बाय असेल तर श्रेय द्यायलाच हवे. ‘एनसी’ लिहिले असेल तर व्यावसायिक वापर नाही. केनी (Kenney) या गेमच्या चित्रांच्या संकेतस्थळावरची चित्रे सीसी-झिरो आहेत, नवख्यांना पुरेशी.

अर्ज पाठवण्याआधी दुव्याची एक चाचणी घ्या. इचवर नवे पान आधी ‘ड्राफ्ट’ असते. तुम्ही लॉगिन असल्यामुळे तुम्हाला ते दिसते, इतरांना नाही. म्हणून ते ‘पब्लिक’ करा, दुवा मित्राला पाठवा आणि त्याच्या लॅपटॉपवर गेम खरोखर सुरू होतो का, ते पाहूनच अर्ज करा.