काट्यावरचे लाल आकडे

ऊस फडातून निघतो आणि कारखान्याच्या फाटकात येतो. तिथे त्याची पहिली गाठ पडते ती वजनकाट्याशी. गाडी काट्यावर चढते आणि थांबते. भिंतीवर एक काळी पेटी असते. तिच्यावर लाल आकडे पेटतात. काटा क्लार्क पावती देतो आणि गाडी पुढे गव्हाणीकडे जाते. सगळे मिळून दोन-तीन मिनिटांचे काम. पण वर्षभर ज्या उसाला पाणी पाजले, रात्री-अपरात्री उठून ज्याची मोटार चालू केली, त्याचे किती पैसे पदरात पडणार हे त्या दोन-तीन मिनिटांत ठरते. म्हणून त्या काळ्या पेटीची आज आपण नीट ओळख करून घेऊ.

या पेटीला डिस्प्ले म्हणतात. डिस्प्ले म्हणजे दाखवणारी पाटी. घरातल्या टीव्हीची काच किंवा खिशातल्या मोबाइलची काच हीसुद्धा दाखवणारी पाटीच आहे. मग तुम्ही म्हणाल, काट्यावर एखादा जुना टीव्ही का टांगत नाहीत? स्वस्तात काम होईल.

तसे करून चालणार नाही. काट्याच्या आसपास काय काय असते ते आठवून पाहा. गाड्यांनी उडवलेली धूळ असते. वाळलेल्या पाचटाचा भुगा उडतो. दुपारचे ऊन थेट पेटीवर येते. अवकाळी पाऊस येतो. भरलेला ट्रक गेला की जमीन हादरते. आणि हे एक-दोन दिवस नाही. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि पुढे चार-पाच महिने कारखाना रात्रंदिवस चालतो. घरचा टीव्ही तिथे काही आठवड्यांत मान टाकील. दुपारी तर त्यावरचे काही दिसणारच नाही. शेतात उन्हात उभे राहून मोबाइल पाहताना आपण वर हाताची सावली धरतो की नाही? तसेच.

म्हणून कारखान्यासाठी पाटी वेगळी बनवतात. तिची पेटी जाड पत्र्याची किंवा ॲल्युमिनिअमची असते. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये रबराची पट्टी बसवतात. प्रेशर कुकरच्या झाकणात जसे रबर असते, त्याच जातीची ही युक्ती. कुकरचे रबर वाफ बाहेर जाऊ देत नाही, हे रबर धूळ आणि पाणी आत येऊ देत नाही. तारा जिथून आत जातात तिथेही आवळून बसवलेली रबरी बोंडे असतात. तारांची टोके नुसती खोचलेली नसतात, ती स्क्रूने पक्की आवळलेली असतात, नाहीतर हादऱ्याने सुटतील. आतल्या नाजूक भागांवर वार्निशसारखा पातळ लेप देतात. दमट हवेचा त्यामुळे त्रास होत नाही. घरच्या कॉम्प्युटरला हवा घेण्यासाठी पंखा आणि भोके असतात. इथे भोक ठेवले तर हवेबरोबर धूळही जाणार. म्हणून पुष्कळ पेट्यांना पंखाच नसतो. आतली उष्णता पत्र्यातून बाहेर जाते.

पेटी किती पक्की आहे, हे सांगणारी एक खूण असते. ती बहुधा पेटीच्या बाजूला किंवा मागे छापलेली असते. तिला आयपी आकडा म्हणतात. उदाहरणार्थ, आयपी ६५. हे पासष्ट म्हणून वाचायचे नाही. सहा आणि पाच असे सुटे वाचायचे. पहिला आकडा धुळीचा. तो ० ते ६ असतो आणि ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ५ म्हणजे नळीने पाण्याचा फवारा कोणत्याही बाजूने मारला तरी पेटीचे नुकसान होत नाही. ७ असेल तर पेटी १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवली तरी चालते. ही मापे साऱ्या जगात एकच आहेत. मात्र कोणी नवी तार घालायला पेटीला भोक पाडले किंवा झाकणाचे रबर कडक होऊन चिरले, तर छापलेला आकडा नुसता छापलेलाच राहतो. आम्ही एका ठिकाणी आयपी ६५ ची पेटी पाहिली. तिचे झाकण सुतळीने बांधलेले होते! आत मुंग्यांनी घर केले होते.

पाट्या दोन जातींच्या असतात. काट्यावरचे मोठे लाल आकडे एलईडीचे. एलईडी म्हणजे वीज दिली की स्वतः उजळणारा बारीक खडा. लाल उजेड देणारा असा खडा अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. तो स्वतः पेटतो म्हणून लांबून आणि उन्हातही दिसतो. दुसरी जात एलसीडीची. तिच्यात एक विचित्र पदार्थ असतो. तो पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे कण मात्र रांगेत उभे असतात. १८८८ साली फ्रीडरिश रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ तापवताना दिसले की तो दोनदा वितळतो. आधी गढूळ होतो, मग आणखी तापवल्यावर निवळतो. त्या गढूळ अवस्थेचा उपयोग काय, हे पुढे कितीतरी वर्षे कोणाला सुचले नाही. १९६८ साली अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यापासून आकडे दाखवणारी पाटी करून दाखवली. मोबाइल आणि टीव्ही यांच्या काचा पुढे त्याच वाटेने आल्या. एलसीडी स्वतः पेटत नाही. तिच्या मागे दिवा लावावा लागतो. उन्हात वापरायची असेल तर तो दिवा घरच्यापेक्षा कितीतरी प्रखर लागतो.

एलसीडीच्या अशा पाट्या कारखान्याच्या आत दिसतात. जिथे रस तापवतात आणि साखर शिजवतात तिथे वाफ असते, उष्णता असते, कामगाराचे हात मळीने चिकट झालेले असतात. तिथल्या काचेवर रसाचे तापमान, वाफेचा दाब, टाकीतली पातळी असे सगळे एकत्र दिसते. पूर्वी यासाठी भिंतभर काट्यांची घड्याळे असत. आता काचेवरच बोट लावून हुकूमही देता येतो. पण मोबाइलची काच आपल्या बोटातली अगदी थोडी वीज ओळखते. ओल्या हाताने किंवा जाड हातमोज्याने ती गोंधळते. पावसात मोबाइल आपोआप भलतेच काही उघडतो, ते यामुळेच. म्हणून कारखान्यात पुष्कळदा दाबावर चालणारी काच घेतात. तिच्यात दोन पातळ थर असतात. बोटाने दाबले की ते एकमेकांना टेकतात आणि यंत्राला जागा कळते. मग हातमोजा असो की काठी असो. आणि एक गोष्ट काचेच्या भरवशावर कधी ठेवत नाहीत. यंत्र तातडीने थांबवायचे लाल बटण वेगळे, मोठे, कुत्र्याच्या छत्रीसारखे ठेवलेले असते. माणसाचा हात यंत्रात सापडला तर काच उघडून योग्य पान शोधत बसायला वेळ कुठून आणणार? तुमच्या घरचे कोणी कारखान्यात कामाला असेल, तर ते बटण कुठे आहे हे त्याला पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला सांगा.

आता पुन्हा फाटकावर येऊ. तिथला आकडा आपल्याला वाचायचा आहे.

पाटीवरचे आकडे इंग्रजी असतात, आणि इथे नवशिक्या माणसाची फसगत होते. शून्य, दोन आणि तीन आपल्या आकड्यांसारखेच आहेत. पण इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखा दिसतो. इंग्रजी आठ हा वरून मिटवलेल्या आपल्या चारासारखा दिसतो. आमच्या रात्रीच्या वर्गात एक ऊसतोडीच्या टोळीतल्या बाई यायच्या. त्या बैलगाडी हाकत. एकदा म्हणाल्या, "मास्तर, पाटीवर एकावर एक होतं, आणि पावतीत नव्व्याण्णव कसं लिवलं?" आम्ही त्यांना दोन्ही तऱ्हेचे आकडे शेजारी शेजारी लिहून दिले. तो कागद त्यांनी गाडीच्या जुवाला चिकटवला. चार दिवसांत आकडे पाठ झाले. तुम्हीही दहा आकडे असे लिहून घ्या. मोबाइलवर नंबर लावताना रोज सराव होईल.

आणखी एक बारकावा. पाटीवरचा प्रत्येक आकडा सात पट्ट्यांचा असतो. तीन आडव्या, चार उभ्या. आठ दाखवायचे तर सातही पट्ट्या पेटतात. आता समजा मधली पट्टी जळाली. आठाचे शून्य झाले! उजवीकडची वरची पट्टी गेली तर आठाचे सहा होतात आणि नवाचे पाच. वरची आडवी पट्टी गेली तर साताचा एक होतो. १८,४६० किलो वजन अशा पाटीवर १०,४६० दिसू शकते. म्हणजे डोळ्यांदेखत ८ टन ऊस गेला. यासाठी पुष्कळ पेट्या चालू होताना सगळ्या घरांत आठच आठ दाखवतात. तेव्हा एखादा आठ लंगडा दिसला तर ती पाटी दुरुस्तीला द्यायची, हा त्याचा अर्थ. पावतीवरचा आकडा पेटीच्या आतून येतो. म्हणून पाटी आणि पावती जुळवून पाहावी. जुळले नाही तर तिथल्या तिथे विचारावे.

पण दोन्ही जुळले म्हणजे वजन बरोबर आहे, असेही नाही. पाटी फक्त दाखवते. मोजणारा वेगळाच असतो आणि तो काट्याच्या खाली, जमिनीत असतो. तिथे पोलादी ठोकळे बसवलेले असतात. त्यांना लोडसेल म्हणतात. पोलाद कधी दबते का? दबते, पण डोळ्यांना दिसणार नाही इतके. त्या ठोकळ्यावर केसासारखी बारीक तार नागमोडी चिकटवलेली असते. ठोकळा दबला की तार ताणते, आणि ताणलेल्या तारेतून वीज जरा कमी जाते. किती कमी गेली यावरून आतले यंत्र किलो काढते. तेव्हा पाटी कितीही मजबूत असो, खाली ठोकळ्याजवळ चिखल साचला, ऊस अडकला किंवा कोणी तारेत खोडी केली, तर ती चुकीचा आकडाही तितकाच लख्ख दाखवील. काटामारी म्हणतात ती इथे होते, काचेवर होत नाही.

यावर सरकारी तपासणी आहे. २००९ सालच्या वैधमापन कायद्याखाली अशा काट्याची दर १२ महिन्यांनी तपासणी करून घ्यावी लागते. निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून पाहतात. काट्याच्या एका कोपऱ्यावर जेवढे वजन भरते तेवढेच दुसऱ्या कोपऱ्यावर भरले पाहिजे. मग पेटीला सील लावतात. तपासणीचा दाखला दिसेल अशा जागी लावण्याचा नियम आहे. त्यावर तारीख असते. ती वाचायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

गाडी चढण्यापूर्वी पाटीवर शून्य आहे का ते पाहा. शून्याच्या जागी उणे १०० असेल, म्हणजे आकड्यामागे आडवी रेघ असेल, तर भरलेल्या गाडीचे वजन १०० किलोने कमी दिसेल. तुम्ही म्हणाल, रिकाम्या गाडीचेही १०० ने कमीच दिसेल, मग फरक कुठे? बरोबर आहे. पण मधल्या वेळात कोणी शून्य नीट करून ठेवले, तर रिकामी गाडी पुरी भरेल आणि १०० किलो ऊस तुमच्या नावावरून उतरेल. म्हणून शून्य दोन्ही वेळा पाहायचे. गाडीची सगळी चाके काट्यावर हवीत. माणसे खाली उतरलेली हवीत. आकडा नाचायचा थांबला की मगच तो धरायचा. शेवटचा आकडा नेहमी शून्य किंवा पाच येतो म्हणून शंका घेऊ नका. मोठे काटे ५ किंवा १० किलोच्या पायरीनेच चढतात. एखाद्या पायरीचा फरक म्हणजे काटामारी नव्हे. पाचशे किलोचा फरक मात्र पायरीचा नसतो. तसा संशय आला तर तीच भरलेली गाडी वाटेतल्या दुसऱ्या काट्यावर आधी वजन करून आणावी आणि दोन्ही पावत्या शेजारी ठेवाव्यात. वैधमापन निरीक्षकाकडे जायचे झाले तर त्या दोन कागदांवर तक्रार नीट उभी राहते.

आता पाटी-पेन्सिल घ्या आणि हा हिशेब मांडा. भरलेल्या ट्रकचे वजन १८,४६० किलो. ऊस उतरवल्यावर त्याच ट्रकचे वजन ७,१२० किलो. उसाचे निव्वळ वजन किती? १,००० किलोचा १ टन. मग टन किती झाले? उत्तर ११ टन ३४० किलो येते का ते पाहा. आले की दुसरा हिशेब. पहिल्या वेळी शून्याच्या जागी उणे १०० होते आणि दुसऱ्या वेळी बरोबर शून्य होते. तर त्या ट्रकमध्ये खरा ऊस किती होता?