आमच्या पेटीचा फोटो, भलत्याचाच क्यूआर

हापूसच्या धंद्याला कमाईसाठी वर्षात जेमतेम अडीच महिने मिळतात. त्यातही घरगुती गिऱ्हाइकाची खरी झुंबड पाडव्यापासून मुलांची सुट्टी संपेपर्यंत. अशा धंद्यात मोबाइलवर झालेला घोटाळा ‘पावसाळ्यात निवांत बघू’ म्हणून पुढे ढकलता येत नाही. आमच्या बागेच्या नावाने झालेला घोटाळा ऐन अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर उघडकीला आला. त्यातून जे कळलं ते आंब्यापुरतं नाही. घरून फराळ, साड्या, मसाले, दागिने असं काहीही ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाच्या ते उपयोगी पडेल.

आमची कलमं देवगड तालुक्यात. पूर्वी सगळा माल वाशीच्या बाजारात जायचा. २०२० च्या टाळेबंदीत ती घडी विस्कटली आणि इथल्या अनेक बागायतदारांसारखे आम्हीही घरोघरी थेट पेट्या पोचवू लागलो. आधी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे ग्रुप, मग समाजमाध्यमांवर बागेच्या नावाचं पेज. झेल्याने आंबा उतरवणं, गवतात अढी घालणं, पेटी भरणं यांचे व्हिडिओ लोकांना आवडायचे. आडत वाचली, शिवाय आंबा खाणाऱ्याचं बरंवाईट मत थेट कानावर येऊ लागलं.

मग एका सकाळी कोथरूडहून फोन आला. “ताई, आठवडा झाला, पेटी कुठे अडकलीय?” वहीत ते नाव सापडेना. मी विचारलं, “काका, पैसे कुठल्या नंबरवर भरलेत?” त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. पेज हुबेहूब आमचं, फक्त नावात एक टिंब जास्त. लोगो आमचा. फोटोत माझे सासरे झेला घेऊन उभे. खाली पेटीचा भाव आमच्याहून बराच कमी, ‘आजच बुकिंग करा, डिलिव्हरी मोफत’ अशी ओळ, आणि क्यूआर कोड कुणा अनोळखी माणसाच्या खात्याचा. शिवाय त्या पेजची पैसे भरून केलेली जाहिरात पुणे-ठाण्याच्या त्याच भागांत फिरत होती, जिथे आमची फिरायची. त्यानंतर असे फोन येतच राहिले.

त्या चोराला आमचा पासवर्ड लागला नव्हता, की आमचं खातं फोडावं लागलं नव्हतं. आम्ही जे जगाला दाखवत होतो, तेवढंच त्याने उचललं होतं. मात्र नंतर हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. फसलेले जवळजवळ सगळे नवे होते. व्हिडिओ बघून पहिल्यांदाच मागवणारे. जुन्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये आमचा नंबर साठवलेला होता. त्यांनी तीच जाहिरात आम्हाला पाठवून विचारलं, “हे तुमचंच का? भाव एवढा कसा उतरला?” तेव्हापासून कोणी सोशल मीडियाबद्दल सल्ला विचारला की मी एकच सांगते: तुमच्या पेजवरचं जे जे नकलता येतं ते चोर नकलणारच. ज्याची नक्कल होत नाही, ते गिऱ्हाइकासमोर आधी ठेवा.

नाव आपलं आहे याचा कागद

आमच्यासारख्यांचा पहिला गैरसमज असतो की ‘हापूस’ हे नाव आपलंच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळासाठी आहे. उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली की ते मानांकन त्याला आपल्या पेटीवर वापरता येतं. कर्नाटकातला आंबा कोकणचा म्हणून विकणाऱ्यांविरुद्ध हा कागद कामी येतो. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने तर २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायची पद्धत आणली. पण तुमच्याच नावाचं खोटं पेज उतरवायचं तर भौगोलिक मानांकन पुरत नाही. त्यासाठी तुमच्या बागेचं, तुमच्या मालाचं वेगळं नाव आणि त्या नावाचा ट्रेडमार्क लागतो.

ट्रेडमार्कचं नाव काढलं की लोक बिचकतात. प्रत्यक्षात व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण होतं. ताजी फळं ३१ व्या वर्गात येतात, पल्प आणि मोरंबा २९ व्या, पन्हं-सरबत ३२ व्या. आज जे विकता त्या वर्गापासून सुरुवात करा. फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्याकडे ट्रेडमार्कभंगाची तक्रार करण्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्यात नोंदणीचा क्रमांक विचारतात. ‘हा माझी नक्कल करतोय’ अशा साध्या तक्रारीपेक्षा क्रमांकासह केलेल्या तक्रारीला वजन असतं. नोंदणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज संकट येण्याआधीच करावा.

पैसे कुणाच्या नावावर जातात

क्यूआर स्कॅन केला की पैसे भरण्याआधी घेणाऱ्याचं नाव पडद्यावर दिसतं. खोट्या पेजला ते नाव तुमचं करता येत नाही. म्हणून धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा, यूपीआय त्यालाच जोडा आणि दर पोस्टखाली, पेजच्या माहितीत, बिलावर एकच वाक्य छापा: ‘पैसे भरताना अमुक नाव दिसलं नाही तर थांबा आणि आम्हाला फोन करा.’ आज सासूबाईंच्या खात्यावर, उद्या दिराच्या, असं केलं की गिऱ्हाइकाला कुठलंही अनोळखी नाव खरं वाटू लागतं. पोस्टवर क्यूआरचा फोटो टाकूच नका. ऑर्डर बोलून पक्की झाल्यावर तो त्या गिऱ्हाइकालाच पाठवा. उलट बाजूनेही सावध राहा. ‘घाऊक खरेदी करतो, आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं म्हणणारे हंगामात हटकून भेटतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

गिऱ्हाइकांची वही आपल्याकडे

पेजवरचे फॉलोअर म्हणजे आपली गिऱ्हाइकं, हा दुसरा गैरसमज. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि ज्यांचा सगळा प्रेक्षक तिथे होता त्यांच्याकडे त्यातल्या कुणाचा फोन नंबरही उरला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही जवळजवळ सहा तास बंद पडले. अशा वेळी हाताशी असते ती आपली यादी: नाव, नंबर, पत्ता, काय मागवलं, कुणाला आंबा तयार हवा, कुणाला कच्चा. ती मोबाइलबाहेर, एक्सेलमध्ये किंवा साध्या वहीत ठेवा. नंबर घेताना ‘पुढच्या हंगामात कळवू का?’ असं विचारून होकार घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख संमतीवर आहे, आणि न विचारता आलेले निरोप लोक तसेही ब्लॉकच करतात.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करणार असाल तर एक खाच लक्षात घ्या. एका यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर साठवलाय त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून आम्ही प्रत्येक पेटीत चिठ्ठी घालतो: आंबा कसा पिकवायचा, फळात साका (गरातला पांढरट, न पिकलेला भाग) निघाला तर काय करायचं आणि खाली ठळक अक्षरात ‘हा नंबर साठवून ठेवा’.

खात्याच्या किल्ल्या

गावाकडे पेज बहुधा पुतण्या उघडून देतो किंवा शहरातला कुणी डिझायनर. तो नोकरीला लागला किंवा त्याच्याशी बिनसलं की पेज त्याच्याच हातात राहतं. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी मेटाचं बिझनेस खातं मालकाच्या नावाने उघडा. पूर्ण ताबा स्वतःकडे आणि घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाकडे ठेवा. काम करणाऱ्याला कामापुरती परवानगी द्या, काम संपलं की काढून घ्या. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि तिचे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. ‘तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत लिंकवर खुलासा करा’ असा निरोप आला तर त्या लिंकला हात लावू नका. खरी सूचना असेल तर ती ॲपच्या सेटिंगमध्ये, खात्याच्या स्थितीखाली दिसते. ती तिथे जाऊन पाहा.

जाहिरातीवर नजर

जाहिरात आपण करतो तशी दुसऱ्याचीही पाहावी. मेटाची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. तिथे आपल्या बागेचं नाव टाकलं की त्या नावाने कोण जाहिरात चालवतंय ते कळतं. हंगामात हे काम दर आठवड्याला करावं. आपली जाहिरातही जिथे पेटी वेळेवर पोचते तेवढ्याच भागात दाखवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचं नाव कुठून कळलं?’ हे विचारून उत्तर वहीत लिहा. लाइक किती पडले यापेक्षा या रकान्यावरून पुढच्या वर्षीचा खर्च ठरवणं बरं.

घडलंच तर

फसलेल्या माणसाला आधी १९३० वर फोन करायला सांगा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी फोन गेला तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, त्यामुळे इथे तासांना किंमत आहे. पैसे ज्याचे गेले त्यानेच ही तक्रार करावी लागते. तुम्ही तुमच्या नावाच्या गैरवापराची वेगळी तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर करा. सोबत खोट्या पेजची लिंक, स्क्रीनशॉट, क्यूआरवरचं नाव आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जोडा. पेज उतरलं की लिंक गायब होते, म्हणून पुरावे आधी गोळा करा. मग आपल्या पेजवर, स्टेटसवर, ग्रुपवर इशारा टाका. खोट्या पेजच्या कमेंटमध्ये भांडत बसू नका. चोर तुम्हाला ब्लॉक करतो आणि पुढच्याला फसवतो. ‘पेज बंद करून देतो, एवढे पैसे द्या’ म्हणणारे तज्ज्ञही अशा वेळी उगवतात. त्यांना पैसे देऊ नका.

राहिला प्रश्न फसलेल्यांचा. त्यांचा एक रुपयाही आमच्याकडे आला नव्हता, तरी त्यांनी विश्वास आमच्या नावावर ठेवला होता. फुकट पेट्या देणं परवडणारं नव्हतं. आम्ही त्यांना तक्रार भरायला मदत केली आणि ज्यांना हवी होती त्यांना वाशीच्या भावाने पेटी दिली. काहींनी फोन आदळला, काही आजही दर वर्षी मागवतात.

ही सगळी कामं हंगामात उरकत नाहीत, तेव्हा तोडणी आणि गाड्यांतून डोकं वर काढायला फुरसत नसते. आमच्याकडे त्यासाठी मोहोराचे दिवस ठरलेले आहेत: ट्रेडमार्कचा अर्ज, धंद्याच्या नावाचं बँक खातं, पेजच्या किल्ल्या, यादी, चिठ्ठीची छपाई. फराळवाल्यांनी ही कामं पावसाळ्यात उरकावीत, साडीवाल्यांनी लग्नसराई संपली की. पेज देखणं करायला नंतर अख्खा हंगाम असतो.