किनाऱ्यावरून विंडसर्फिंगचे छायाचित्रण : भिंगांची निवड आणि तंत्र

गेल्या हिवाळ्यात गोव्याच्या सहलीत मी विंडसर्फिंगची दोनशेच्या वर छायाचित्रे काढली. घरी येऊन पाहतो तो काय, प्रत्येक चित्रात अफाट समुद्र आणि मध्ये स्वल्पविरामाएवढे शीड! दोष कॅमेऱ्याचा नव्हता. भिंग निवडण्यापूर्वी साधे गणित मी केले नव्हते, एवढेच.

ते गणित असे. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याचा संवेदक ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. संवेदकाच्या मापाला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे आणि विषयाच्या अंतराने गुणावे, म्हणजे चौकटीत किती क्षेत्र मावते ते कळते. माझे भिंग ५० मिमीचे आणि शीड २०० मीटरवर होते. म्हणजे चौकट १४४ मीटर रुंद व ९६ मीटर उंच. त्यात साडेचार मीटर उंचीचे शीड हरवणारच. तेच शीड १०० मीटरवर असताना ३०० मिमीचे भिंग लावले, तर चौकट १२ × ८ मीटरची होते. शीड निम्म्याहून अधिक उंची व्यापते आणि फळीपुढे थोडी मोकळी जागाही राहते. २०० मीटरवर हाच परिणाम साधायला ६०० मिमी लागतील. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात सुमारे दीडपट लाभ होतो. तेथे ४०० मिमीचे भिंग ६०० चे काम करते.

एवढी महाग भिंगे आपल्यापैकी कितीजणांना परवडणार? तेव्हा अंतर कमी करणे हाच विद्यार्थ्याचा उपाय. खेळाडू पाण्यात उतरतात ती जागा आणि किनाऱ्याजवळ जेथे ते वळण घेतात ती जागा अर्धा तास नुसती पाहावी. वळणे बहुधा ठराविक ठिकाणीच होतात. तेथे दबा धरून बसल्यास २०० मिमीचे भिंगही पुरते.

आता शटरचा वेग. ताशी ३६ किलोमीटर वेगाची फळी सेकंदात १० मीटर जाते. १/१००० सेकंदात एक सेंटिमीटर. १०० मीटरवरून ३०० मिमीच्या भिंगाने संवेदकावर ती ०.०३ मिमी सरकते. डोळ्याला खपेल अशी ही जवळजवळ शेवटची मर्यादा होय. म्हणून फळी आडवी जात असेल, तर १/२००० ठेवावा. उलट गतीचा भास हवा असेल, तर १/१२५ ठेवून कमरेतून वळत कॅमेरा फळीबरोबर फिरवावा. खेळाडू स्पष्ट येतो, पाणी रेघारेघांचे होते. यात दहापैकी नऊ चित्रे वाया जातात; निराश होऊ नये.

खरी अडचण प्रकाशाची. भूगोलात शिकलेले खारे वारे दुपारी जोर धरतात, आणि आपला किनारा पश्चिमाभिमुख! म्हणजे वारा मिळतो तेव्हा सूर्य नेमका समोर. शिवाय चमकत्या पाण्याने प्रकाशमापक फसतो व खेळाडू काळा पडतो. चेहरा हवा असल्यास मापकापेक्षा एक ते दीड टप्पा अधिक प्रकाश द्यावा. नाहीतर काळी आकृती मान्य करून प्रकाश आरपार आलेले शीड टिपावे. भूशिराच्या टोकावर जाता आले, तर प्रकाश बाजूने मिळू शकतो.

शेवटी दोन सूचना. वाळूत भिंग बदलू नये. आणि खारे तुषार कोरड्या फडक्याने घासू नयेत. आधी किंचित ओल्या मऊ कापडाने टिपावेत.

माझी ती दोनशे चित्रे मी पुसलेली नाहीत. पुढल्या सहलीला निघण्यापूर्वी ती पुन्हा एकदा पाहणार आहे.