पहाटे तीनला जाग येते, म्हणून फुप्फुस बिघडलं?

"डॉक्टर, रोज तीनच्या ठोक्याला जाग येते. फुप्फुसाचा प्रॉब्लेम ना?" हा प्रश्न हल्ली मला सर्दी-खोकल्याच्या खालोखाल विचारला जातो. ज्यांना एक-दीडला जाग येते ते थेट लिव्हरच्या तपासण्या करूनच येतात. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तोच रंगीत गोल तक्ता असतो: रात्री ११ ते १ पित्ताशय, १ ते ३ यकृत, ३ ते ५ फुप्फुस, ५ ते ७ मोठं आतडं. दिवसाचे बारा भाग आणि प्रत्येकाला वाटून दिलेला एक अवयव. जाग ज्या वेळी येईल तो अवयव आजारी, असं त्याखाली लिहिलेलं असतं.

हा तक्ता चिनी वैद्यकातला आहे. अलीकडे बरेच जण त्याचे ऑनलाइन वर्ग करतात, मूळ सिद्धांत शिकतात. जरूर शिका, माझी काही हरकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा 'हुआंगदी नेइजिंग' हा ग्रंथ, यिन आणि यांग, शरीरभर फिरणारी ची नावाची शक्ती, लाकूड-अग्नी-माती-धातू-पाणी या पाच अवस्थांचं चक्र, हे सगळं वाचायला फार रंजक आहे. या मांडणीत यकृताशी राग जोडलाय, फुप्फुसाशी शोक, किडनीशी भीती. म्हणून तर माणसं त्यात गुंततात. कुणाचाही स्वभाव आणि कुणाचंही दुखणं कुठल्या ना कुठल्या खान्यात चपखल बसतं.

पण त्यांची 'किडनी' म्हणजे तुमच्या सोनोग्राफीत दिसणारी किडनी नव्हे. हाडं, कान, केस, जन्मतः मिळालेली ताकद, असा सगळा कारभार तिच्याकडे आहे. "किडनी कमजोर आहे" असं ऐकून घाबरून क्रिएटिनिन करून घेण्यात अर्थ नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असताना "किडनीची ची वाढवतो" म्हणून घरी बसणं तर सरळ धोक्याचं. चीनमध्ये हा विषय शिकायला पाच वर्षांची पदवी लागते. तिथला वैद्य जीभ बघतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी बघतो, तहान, शौच, घाम सगळं विचारतो. नुसत्या घड्याळावरून निदान तोही करत नाही, आणि त्याच्या रुग्णालयात ईसीजीचं मशीनही असतं.

शिवाय घड्याळ कुठलं धरायचं? जुने चिनी प्रहर सूर्यावर चालत. आज अख्खा चीन बीजिंगच्या वेळेवर चालतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या उरुम्चीत सूर्य घड्याळापेक्षा सुमारे दोन तास मागे असतो. मुंबईतही तो चाळीसेक मिनिटं मागे आहे. तेव्हा तुमच्या मोबाइलमध्ये तीन वाजले की फुप्फुसाची ड्यूटी सुरू होते, हे फुप्फुसाला कोण कळवतं?

यावर कुणी तरी नोबेल काढतंच. २०१७ चं नोबेल फळमाशीतल्या दैनंदिन लयीच्या जनुकांसाठी होतं, या तक्त्यासाठी नव्हे. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना मिळालं ते मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथातली एका वनस्पतीची नोंद त्यांना उपयोगी पडली हे खरं. पण पुढे त्या वनस्पतीतला घटक वेगळा काढून आधी प्राण्यांवर, मग माणसांवर तपासला, तेव्हा ते औषध झालं.

आता साठीतल्या एका काकांबद्दल सांगतो. बाराला झोपत, तीनला गुदमरून उठत, खिडकीशी बसलं की बरं वाटे. त्यांनी असा वर्ग केलेला होता. आदल्या वर्षी भाऊ गेलेला, म्हणजे शोक, म्हणजे फुप्फुस, वेळही नेमकी तीनची. निदान पक्कं! नासपती आणि खडीसाखर उकळून पिणं सुरू झालं, हातावरचे बिंदू दाबणं सुरू झालं. पाण्याचा संबंध किडनीशी, म्हणून मी लिहून दिलेली लघवीची गोळी त्यांनी परस्पर बंद केली. माझ्याकडे आले तेव्हा घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि एका उशीच्या तीन उशा झाल्या होत्या. इकोमध्ये हृदयाचं पंपिंग कमी निघालं. आडवं झालं की पायातलं पाणी रक्तात परत येतं, कमजोर हृदयाला ते झेपत नाही आणि फुप्फुसात साचतं. काका आता बरे आहेत. वर्गही चालू आहे, गोळीही.

लगेच घाबरू नका. नुसती जाग येणं हा आजार नाही. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी होते आणि उत्तररात्री ती हलकी असते, पन्नाशीनंतर तर आणखीच. संध्याकाळचा चहा, रात्रीचं उशिरा जड जेवण, "झोप लागावी म्हणून" घेतलेला पेग, यांनी तीनला हमखास जाग येते. कूस बदलून पुन्हा झोप लागत असेल आणि दिवस बरा जात असेल, तर तक्ता डिलीट करा आणि विषय सोडून द्या.

मात्र धाप लागून उठून बसावं लागत असेल, पाय सुजत असतील, उशा वाढत असतील, तर दुसऱ्या दिवशीच डॉक्टर गाठा. छातीत दाब, घाम, हात किंवा जबडा दुखणं असेल तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, सकाळी डोकं जड आणि दुपारी गाडी चालवताना डुलकी, ही स्लीप ॲप्नियाची चिन्हं आहेत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी थरथर आणि घामाने जाग आली तर आधी साखर तपासावी. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर तोंडात साखर टाकावी आणि मग विचार करावा. कपडे भिजवणारा घाम, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन असेल तर टीबीची तपासणी हवी. रात्रीत तीन-चारदा लघवीला उठत असाल तर शुगर आणि प्रोस्टेट बघायला हवं. पहाटे जाग येऊन मन काळोखं होत असेल, जगू नये असं वाटत असेल, तर ते "यकृतात अडकलेला राग" म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

ऑनलाइन मागवलेल्या चिनी काढ्यांवर माझा राग आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी नावाने जवळची दुसरीच आली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. किती तरी बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचे कॅन्सर झाले. 'मा हुआंग' म्हणजे एफेड्रा, ती रक्तदाब वाढवते. चिनी काढ्यांत सर्रास पडणारं 'गानत्साओ' म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचंच भावंड. रोज जास्त घेतलं तर तेही बीपी चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हे तुम्हाला विकणारा सांगतो.

ॲक्युपंक्चरचा दुखण्यात काही जणांना उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. फक्त सुई घालणारा शिकलेला असावा, सुई नवी, सीलबंद असावी, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. छातीत सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडतं, त्यामुळे यूट्यूब बघून घरच्या घरी प्रयोग नकोत.

झोपेची तक्रार घेऊन येताना तक्ता घरी ठेवा. कुठली गोळी किती वाजता घेता त्याची यादी आणा, काढे आणि चूर्णंही त्यात लिहा. आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत घेऊन या. तुम्ही घोरता का, हे मला त्यांनाच विचारायचंय.