डेल्टा प्लस ते ओमिक्रॉन: कोव्हॅक्सिन कुठवर पुरली?

“डॉक्टर, कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेतले होते. आता कोरोनाचं नवीनच रूप आलंय म्हणतात. मग ती लस वाया गेली का हो?” अमळनेर, शिरपूर, साक्रीकडची वयस्कर मंडळी अजूनही हे विचारतात. वाया गेली नाही, हे आधी सांगतो.

आपल्या भागाला या प्रश्नाची धास्ती जरा जास्तच आहे, आणि त्याला कारणही आहे. जून २०२१ मध्ये राज्यात डेल्टा प्लस या कोरोनाच्या बदललेल्या रूपाचे २१ रुग्ण जाहीर झाले, त्यातले ७ एकट्या जळगाव जिल्ह्यातले होते. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचे रक्त डेल्टा आणि डेल्टा प्लसवर तपासले. अँटिबॉडींची ताकद काहीशी उतरली होती, तरी त्या विषाणूला रोखत होत्या. लसीसाठीचा मूळ विषाणूही याच संस्थेने वेगळा करून दिलेला. तो प्रयोगशाळेत वाढवून, रसायनाने निष्क्रिय करून भारत बायोटेकने लस बनवली.

मेलेल्या विषाणूची लस म्हणजे दुबळी लस, हा समज डोक्यातून काढून टाका. कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखान्यात टोचतात ती रेबीजची लसही निष्क्रिय विषाणूचीच असते, आणि ती जीव वाचवते. फरक विषाणूत आहे. रेबीजचा विषाणू फारसा बदलत नाही. फ्लूचा सतत बदलतो, म्हणून त्या लसीतले घटक दरवर्षी नव्याने ठरवावे लागतात. कोरोना फ्लूच्या वाटेने गेला.

कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २५ हजारांहून अधिक लोक होते. लक्षणे असलेल्या आजारापासून ७७.८ टक्के संरक्षण मिळाले, डेल्टापासून ६५.२ टक्के आणि तीव्र आजारापासून ९३.४ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये मात्र एप्रिल-मे २०२१ च्या भीषण लाटेत, रात्रंदिवस रुग्णांत वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये लक्षणे असलेल्या आजारापासूनचे संरक्षण ५० टक्क्यांवर आले. मला हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. खऱ्या वॉर्डात लस किती पुरते, ते त्यातून कळते.

मग ओमिक्रॉन आला. त्याच्या काट्यांमध्ये, म्हणजे स्पाइक प्रथिनात, तीसहून अधिक बदल होते. अँटिबॉडी या काट्यांनाच चिकटून विषाणू अडवतात. त्यांची पकड सुटली आणि लस घेतलेल्यांनाही घरोघरी ताप आला. पण शरीराकडे टी-पेशींची दुसरी फळी असते. त्या विषाणूचे अनेक तुकडे ओळखतात, आणि त्यांतले बरेच तुकडे बदललेले नसतात. म्हणून संसर्ग झाला तरी आजार छातीत उतरण्याचा धोका कमी राहतो.

तिसऱ्या डोसचे मोल हाँगकाँगने दाखवले. तिथे २०२२ च्या ओमिक्रॉन लाटेत कोरोनाव्हॅक या निष्क्रिय लसीच्या दोन डोसांनी साठीपुढच्यांना तीव्र आजार व मृत्यूपासून सुमारे ७० टक्के संरक्षण दिले. तीन डोस घेतलेल्यांत ते ९८ टक्क्यांच्या आसपास गेले. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून तिसरा डोस ‘प्रिकॉशन डोस’ या नावाने सुरू झाला, पण अनेकांनी ‘आता कोरोना गेला’ म्हणून तो घेतलाच नाही. याची मला आजही हळहळ वाटते.

मग आता काय करायचे? आधी घरातले लसीचे प्रमाणपत्र काढून पाहा. कोव्हिशील्ड असेल तर ती निष्क्रिय लस नव्हे, तिची रचना वेगळी आहे. आज बहुतेकांच्या अंगात लस आणि होऊन गेलेला संसर्ग, दोन्हींची मिळून शक्ती आहे. तरुण, धडधाकट माणसाने नव्या व्हेरिअंटच्या प्रत्येक बातमीने झोप उडवून घेऊ नये. साठी उलटलेले, मधुमेही, किडनीचे किंवा कॅन्सरचे रुग्ण आणि गर्भवती यांनी मात्र गाफील राहू नये. पुढचा डोस आणि दरवर्षीची फ्लूची लस याबद्दल आपल्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

ताप-खोकल्यात दम लागला किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर घरी थांबू नका. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे हिरे रुग्णालय गाठा. आणि मेडिकलमधून मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घेऊ नका. २०२१ मध्ये अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडच्या अतिवापरामुळे काळ्या बुरशीने कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले.