परसबागेतला तेरडा : एक पाठ, एक उपक्रम



"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपण मुलांना शिकवतो. पण तेरडा लावून दाखवतो का? कोयनानगरात पावसाळ्यात ४००० ते ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. इतक्या पावसात नर्सरीतली नाजूक रोपं कुजतात, पण बांधावरचा तेरडा मात्र फुलतो. तो इथलाच आहे ना!

लागवड कशी करावी?

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की बी टाका. वरून मातीचा पातळ थर पुरे. आठ-दहा दिवसांत उगवतं. दाट झालेली रोपं विरळ करा, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. वाफा उंच हवा, कारण पाणी साचलं की रसाळ खोड बुडातून कुजतं. खत थोडं शेणखत, बस्स.

निरीक्षण

फुलामागची बारीक शेपटी मुलांना दाखवा. तिच्यात मध असतो. पिकलेल्या बोंडाला हळूच बोट लावा. पाच फाका झटकन आत वळतात आणि बिया लांब उडतात! बीजप्रसाराचा धडा इथेच होतो, वेगळा फळा लागत नाही.

आमची चूक

एका वर्षी गौरी लवकर आल्या. आमच्याकडे तेरड्याची गौर आणतात. मुलांनी हौसेने शाळेतला सगळा तेरडा मुळासकट उपटून घरी नेला. बोंडं अजून कोवळी होती. पुढच्या जूनमध्ये वाफा रिकामा! "बाई, आपला तेरडा कुठं गेला?" असं एका मुलीने विचारलं. उत्तर मुलांनीच शोधलं. तेरडा एकाच हंगामाचं झाड आहे. बी पडलं नाही, तर पुढचं वर्ष नाही.

तेव्हापासून आमचा नियम : दहातली चार झाडं बियांसाठी राखायची, त्यांना दोरा बांधायचा. बोंड फुगून पिवळसर झालं की मुठीत धरून तोडायचं, बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं.

पालकांसाठी

गौरीसाठी डोंगरावरचा तेरडा मुळासकट ओढण्यापेक्षा दारातच चार रोपं लावा. रंग तीन दिवसांचा असला, तरी पुडीतलं बी पुढच्या पावसाची वाट बघतं.

मुलांना विचारा

१. पिकलेलं आणि कोवळं बोंड कसं ओळखाल?
२. बी आईच्या झाडापासून लांब पडल्याने काय फायदा होतो?
३. तुमच्या घरी गौर कशाची असते? आजीला विचारून पाच ओळी लिहा.